अर्धवट आठवलेलं मरण

कुठल्याही निवडणुकीतलं, कुठल्याही पक्षाचं भाषण नीट कान देऊन ऐका, त्यात मरण असतंच. ‘ते आले तर आपलं नामोनिशाण राहणार नाही’, ‘ही शेवटची संधी आहे’, ‘आज जागे झाला नाहीत तर पुढच्या पिढ्या माफ करणार नाहीत’. रस्ते, पाणी, नोकऱ्या वगैरे मधे मधे असतात, पण टाळ्या पडतात त्या या वाक्यांना. आणि गंमत बघा, समोर बसलेल्या हजारो लोकांतला प्रत्येक जण मरणार आहे, अख्ख्या सभेत हे एकच भाकीत शंभर टक्के खरं ठरणारं आहे, आणि वक्ता तेवढं एक सोडून बाकी सगळ्यांच्या मरणाबद्दल बोलतो. देश मरेल, धर्म मरेल, भाषा मरेल, संस्कृती मरेल. तू मरशील असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर लोक उठून घरी जातील.

मला बरेच दिवस वाटतंय की सगळी मेख इथेच आहे. मरणाची भीती माणसाला कट्टर बनवते असं आपण सहज म्हणून टाकतो, पण मरण खरंच समोर येऊन उभं राहतं तेव्हा माणसं कट्टर होत नाहीत, निदान मी पाहिलेली तरी बरीचशी झाली नाहीत. कट्टर होतात ती मरण नुसतं कोपऱ्यातून दिसलं आणि लगेच मान वळवली की.

अर्नेस्ट बेकर नावाचा एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेला. माणूस मरण कसं नाकारत राहतो यावरचं त्याचं पुस्तक 1973 ला आलं, 1974 च्या मे महिन्यात त्याला पुलित्झर हे मोठं अमेरिकन पारितोषिक मिळालं, पण ते घ्यायला बेकर नव्हता, मार्चमध्येच कॅन्सरने गेला होता, वय 49. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला चांगलं धडधाकट असतानाही माहीत असतं की आपण जाणार, आणि ही माहिती उशाशी घेऊन रोज झोपणं, उठणं, दात घासणं, ऑफिसला जाणं काही जमत नाही, म्हणून तो स्वतःला अशा कशाला तरी बांधून घेतो जे त्याच्या मागे उरेल. कोणी मुलांना, कोणी कलेला, कोणी देवाला, कोणी देशाला, कोणी पक्षाला. मी जाईन पण आपण राहू. इथपर्यंत छानच आहे, माणसाने जे काही भव्य उभं केलंय त्यातलं बरंचसं यातूनच झालं असणार. गोची पुढे आहे. तुमचं ‘आपण’ माझ्यापेक्षा वेगळं असेल आणि तुम्ही त्यात माझ्याइतकेच मजेत जगत असाल, तर मग माझं ‘आपण’ हेच खरं कशावरून? तुम्ही माझं काही वाकडं केलेलं नसतं. तुम्ही नुसते आहात, तेवढं पुरतं.

बेकरने हे सगळं तर्काने मांडलं. पुढे 1980 च्या दशकात शेल्डन सॉलोमन, जेफ ग्रीनबर्ग आणि टॉम पिझिन्स्की या तीन मानसशास्त्रज्ञांनी ठरवलं की हे प्रयोगाने तपासायचं. त्यांनी नाव दिलं टेरर मॅनेजमेंट थिअरी, म्हणजे मरणाची भीती माणूस कशी आवरतो त्याचा सिद्धांत, जे ऐकून पोलिसांचं एखादं खातं वाटतं, पण असो. त्यांचा गाजलेला प्रयोग 1989 मध्ये छापून आला. अॅरिझोनातल्या टुसॉन शहरातले 22 न्यायाधीश. सगळ्यांना एकच काल्पनिक केस, वेश्याव्यवसायाचा आरोप असलेली एक बाई, जामीन किती ठेवाल? त्यातल्या काहींना आधी एक प्रश्नावली भरायला दिली होती आणि तिच्यात दोन प्रश्न होते, स्वतःच्या मरणाच्या विचाराने मनात काय येतं ते लिहा, आणि आपण मरताना व मेल्यावर आपल्या शरीराचं काय होईल असं वाटतं ते लिहा. ज्यांना हे विचारलं नव्हतं त्यांनी सरासरी 50 डॉलर जामीन सांगितला. ज्यांनी ती दोन उत्तरं लिहिली होती त्यांनी 455 डॉलर.

मी या आकड्यापाशी बराच अडकलो होतो. यांचं कामच मुळी स्वतःच्या मूडला बाजूला ठेवायचं. आणि ते चिडले, घाबरले, रडवेले झाले असं काही नाही, शांतपणे पेनाने आकडा लिहिला. ते क्रूर झाले असंही मला म्हणवत नाही. ते जास्त ‘बरोबर’ झाले. जे नियम पाळत आपण आयुष्य काढलं ते मोडणारी बाई अचानक जास्त गुन्हेगार वाटायला लागली, कारण त्या नियमांवर आता जास्त वजन येऊन पडलं होतं. त्याच प्रयोगमालिकेत उलटंही दिसलं, पोलिसांना मदत करून गुन्हेगार पकडून देणाऱ्याला किती बक्षीस द्यावं असं विचारलं तर मरणाबद्दल लिहून आलेल्या लोकांनी बक्षीसही वाढवलं. म्हणजे नुसता द्वेष वाढत नाही, भक्तीही वाढते. दोन्ही एकाच नळाचं पाणी.

1998 चा दुसरा एक प्रयोग ऐकायला विनोदी आहे. विद्यार्थ्यांना त्यांच्या राजकीय विचारांना शिव्या घालणारा मजकूर वाचायला दिला, आणि मग वेगळाच काहीतरी चवीचा अभ्यास चालू आहे असं भासवून सांगितलं की या लेखकाला तिखट सॉस चाखायला द्यायचाय, किती द्यायचा ते तुम्ही ठरवा, आणि हो, त्याला तिखट अजिबात आवडत नाही बरं का. मरणाबद्दल लिहून आलेल्यांनी विरोधी विचाराच्या माणसासाठी कप चांगलाच भरला. उदारमतवाद्यांनीही भरला, परंपरावाद्यांनीही. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते असं की ज्यांना त्या लेखकाबद्दल आधी वाईट मत नोंदवायची संधी मिळाली त्यांनी सॉस फारसा ओतला नाही. शिव्या देऊन झाल्या की काम झालं. मग रात्री साडेअकराला अनोळखी माणसाच्या पोस्टखाली तीनशे शब्दांची कॉमेंट टाकून शांत झोपणारे लोक नक्की काय करत असतात, याचा मला थोडा अंदाज यायला लागला. (मीही टाकतो अधूनमधून. झोप खरंच छान लागते.)

आता ती मेख. या संशोधकांना एक विचित्र गोष्ट दिसली, की मरणाचा प्रश्न विचारल्या विचारल्या लगेच काही होत नाही. मरण मनात ढळढळीत समोर असताना माणूस त्याच्याशी सरळ व्यवहार करतो, माझं बीपी नॉर्मल आहे, आजी नव्वदी पार करून गेली, सिगरेट सोडतोच आता, उद्यापासून चालायला जाणार. मधे काहीतरी दुसरं काम दिलं, एखादं शब्दकोडं वगैरे, आणि मरण डोळ्यांसमोरून हटलं पण पुरतं गेलं नाही, अशा वेळी झेंडा बाहेर येतो. म्हणजे माणसाला स्वतःला पत्ताही नसतो की आपण मरणाबद्दल काही करतोय. त्याला वाटतं आपण देशाबद्दल बोलतोय.

एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं, नाहीतर ते फॉरवर्डसारखं होईल. 1994 मध्ये छापून आलेला या मालिकेतला एक महत्त्वाचा प्रयोग 2019 च्या सुमारास 21 प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांवर, परत करून पाहिला आणि परिणाम दिसला नाही. मूळ संशोधकांचा सल्ला घेऊन केलेल्या ठिकाणीही नाही. त्यावर पद्धत, माणसांची संख्या, काळ बदलला वगैरे वाद झाले, अजून चालू आहेत. त्यामुळे 50 आणि 455 हे आकडे मी कोणाच्या तोंडावर फेकणार नाही, 22 माणसं म्हणजे काय, एका लग्नाच्या गाडीत बसतात तेवढी. प्रयोगशाळेत दोन प्रश्न विचारून हा प्राणी हुकमी बाहेर काढता येतो का, याबद्दल मला शंका आहे. पण तो आहे याबद्दल नाही, कारण इतिहासात तो दोन प्रश्नांची वाट न बघता बाहेर आलेला आहे.

स्ट्रासबर्ग, आजच्या फ्रान्समधलं शहर, 14 फेब्रुवारी 1349. युरोपात काळा मृत्यू, म्हणजे प्लेगची ती महाभयंकर साथ, गावंच्या गावं रिकामी करत चाललीय. अफवा आहे की ज्यूंनी विहिरींत विष टाकलं. पोप क्लेमंट सहावा 1348 मध्येच फतवे काढून सांगून बसलाय की अहो, ज्यू पण मरतायत, आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही प्लेग पोचलाय, जरा डोकं चालवा. शहराची जुनी कौन्सिलही ज्यूंच्या अंगावर जायला तयार नव्हती, म्हणून कारागीर संघांनी ती कौन्सिलच उलथवली, आणि चार-पाच दिवसांत शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. त्यांच्याकडून घेतलेली कर्जं रद्द झाली, पैसा वाटून घेतला गेला, म्हणजे मरणाच्या भीतीला धंद्याची जोडही व्यवस्थित होती, तेवढं भाबडं कोणी होऊ नये.

पण या हकीकतीतली खरी अंगावर येणारी गोष्ट वेगळीच आहे. स्ट्रासबर्गमध्ये तेव्हा प्लेग आलाच नव्हता. तो नंतर आला. लोकांनी प्रेतं पाहून माणसं जाळली नाहीत, प्रेतांच्या बातम्या ऐकून जाळली. दुसऱ्या गावातून पत्रं येत होती, वाटसरू सांगत होते, मरण वाटेत होतं आणि ते येईपर्यंत हाताला काहीतरी काम हवं होतं. ज्याला इजा करता येते असा कोणीतरी हवा होता, कारण प्लेगला तर काही करता येत नव्हतं, पिसू आणि जंतू कळायला अजून साडेपाचशे वर्षं जायची होती. जंतूचा सूड घेता येत नाही. शेजाऱ्याचा घेता येतो.

हीच गोष्ट सभ्य कपड्यांत बघायची तर 2001 चा सप्टेंबर. गॅलपच्या पाहणीत न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या आदल्या आठवड्यात अध्यक्ष जॉर्ज बुश यांना पसंती देणारे अमेरिकन 51 टक्के होते, 21-22 सप्टेंबरला 90. दोन आठवड्यांत त्या माणसाने असं काय केलं होतं? तोच होता. न्यूयॉर्कपासून हजारो किलोमीटरवर, जिथे दहशतवादी यायची शक्यता नगण्य, तिथले लोकही रांगेत उभे राहिले. एका अर्थी ते स्वाभाविकही आहे, संकटात माणूस कर्त्याच्या जवळ सरकतोच, त्याला लगेच नावं ठेवायचं कारण नाही. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. ज्या नेत्याला एकदा कळलं की घाबरलेली माणसं हिशेब मागत नाहीत, तो पुढे भीतीचा साठा संपू देत नाही, आणि खरं संकट नसलं तरी त्याची बातमी तरी शिल्लक ठेवतो. 2006 मध्ये पिझिन्स्की आणि त्याच्या इराणी व अमेरिकन सहकाऱ्यांनी इराण आणि अमेरिका या दोन्ही देशांत विद्यार्थ्यांना मरणाची आठवण करून दिली. इराणी विद्यार्थ्यांना आत्मघाती हल्ल्याचं समर्थन करणारा जास्त आवडायला लागला आणि अमेरिकेतल्या परंपरावादी विद्यार्थ्यांचा अण्वस्त्रांसारख्या टोकाच्या लष्करी उपायांना पाठिंबा वाढला. दोघांनाही वाटत असणार की समोरचे वेडे आहेत आणि आपण नाइलाजाने कठोर झालोय.

निष्ठेचं एक टोक तर असं आहे की तिला नेत्याचं मरणही सोसवत नाही. लेनिन 1924 च्या जानेवारीत गेला, आणि अंत्यविधीसाठी नेमलेल्या समितीचं नाव बदलून पुढे चक्क त्याची स्मृती अमर करणारी समिती असं ठेवलं गेलं. देह अजून मॉस्कोत आहे. हो ची मिन्हने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मला जाळा आणि राख देशाच्या तीन भागांत पुरा. माओने 1956 मध्येच दहनाच्या बाजूने सही केली होती. दोघांनाही काचेत ठेवलं. म्हणजे ज्यांच्या शब्दाखातर लोक मरायला तयार होते त्यांचा हा एवढा एक शब्द कोणी पाळला नाही. उत्तर कोरियाने तर कमालच केली, किम इल-सुंग 1994 ला गेला आणि 1998 च्या घटनेत त्याला कायमचा राष्ट्राध्यक्ष करून टाकलं. हसायला येतं खरं. पण ‘साहेबांनंतर आपलं काय?’ हा प्रश्न विचारताना ज्या कार्यकर्त्याचा आवाज कापतो त्यालाही तेच हवं असतं, फक्त त्याच्याकडे काच नसते.

माझे एक काका आहेत. आयुष्यभर बेताने बोलणारे, मतदान करून आले तरी कोणाला केलं ते काकूलाही न सांगणारे. रिटायर झाले, वर्षभरात छातीत दुखलं, दोन स्टेंट टाकले, घरी आले. त्यानंतरचे काका मला ओळखू येईनात. फॅमिली ग्रुपवर पहाटे पाचपासून फॉरवर्ड, व्हिडिओ, नकाशे, ‘हे वाचून रक्त उसळलं नाही तर तुम्ही माणूस नाही’. भाच्याच्या मित्रांत ‘त्यांच्यातला’ एक आहे म्हणून त्याला वाढदिवसाला बोलवायचं नाही. काकू म्हणायची औषधांचा परिणाम असेल. एकदा रात्री मी शेजारी बसलो होतो, समोर वारांची नावं असलेली गोळ्यांची डबी, आठवड्याचे सात कप्पे, आणि त्या डबीलाच फोन टेकवून उभा केलेला, त्यावर डिबेट चालू. काकांनी बुधवारचा कप्पा उघडला, गोळ्या तळहातावर घेतल्या, पाण्याशिवाय गिळल्या, या सगळ्यात नजर स्क्रीनवरून एकदाही हलली नाही. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले परवा? म्हणाले, ‘ते जाऊ दे रे. आपण काय, आज आहोत उद्या नाही. पण हे लोक राहता कामा नयेत.’

मला वाटतं बेकरला हे एक वाक्य दिलं असतं तर त्याची बरीच पानं वाचली असती.

आणि याच काकांना आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा बाहेरच्या खुर्च्यांवर आमच्यासोबत ‘त्यांच्यातलंच’ एक कुटुंब होतं. त्यांचे वडील आत, आमचे काका आत. एकच चार्जर होता, त्यांचा, तो रात्रभर या फोनमधून त्या फोनमध्ये फिरत होता. आत कुठला मॉनिटर वाजला की दोन्हीकडची माणसं एकदम उभी राहायची, आणि ज्यांचं नाव पुकारलं जायचं नाही ती बसताना एकमेकांकडे बघायची नाहीत, इतका दोघांना एकमेकांचा अंदाज. कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातम्यांत तेच चाललं होतं जे नेहमी चालतं आणि त्यांच्या थोरल्या मुलाने उठून आवाज बंद केला, कोणालाही न विचारता, आणि कोणाचीही हरकत नव्हती. मरण तिथे दाराच्या पलीकडे होतं. अर्धवट आठवलेलं नाही, पुरतं.

तो जो फरक आहे त्यावरही काम झालेलं आहे. फिलिप कोझोलिनो आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मरणाबद्दलचे नेहमीचे मोघम प्रश्न न विचारता लोकांना नीट कल्पना करायला लावली, की हा प्रसंग, हा क्षण, तुम्ही असे जाताय, आता मागे वळून आयुष्याकडे बघा, घरच्यांना काय वाटेल ते सांगा. मोघम प्रश्नांनी हावरे लोक अजून हावरे झाले, सविस्तर कल्पनेने तेच लोक सैल झाले. या प्रयोगांनाही मघाचीच सावधगिरी लागू आहेच, मला सोयीचा निष्कर्ष आला म्हणून तो जास्त खरा होत नाही. पण खुर्च्यांवरची ती रात्र आणि डबीला टेकवलेला फोन हे दोन्ही एकाच माणसाभोवती घडलेलं मला दुसऱ्या कशाने उलगडत नाही.

कोविडमध्ये तर हे अख्ख्या जगाने केलं. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक देशांत सत्तेत जो कोणी असेल त्याची लोकप्रियता वर गेली, डावा असो उजवा असो. मग काही महिन्यांत अमेरिकेसारख्या ठिकाणी मास्क हा पक्षाचा बिल्ला झाला, लस हाही झाला. लस आल्यानंतर तिथे रिपब्लिकन या परंपरावादी पक्षाकडे झुकलेल्या भागांत मृत्युदर जास्त राहिला. नीट विचार करा हे काय आहे. मरणाची सरळ भीती असती तर माणसाने मुकाट्याने मास्क लावला असता, लस घेतली असती. पण ती भीती मागच्या दाराने आली, आणि मग ‘त्यांच्यासारखं’ दिसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं शब्दशः झालं. मरण टाळण्यासाठी बांधलेली निष्ठा शेवटी मरणाकडेच घेऊन गेली, आणि तिथे पोचेपर्यंत माणसाला आपण शूर आहोत असंच वाटत राहिलं.

सगळं राजकारण मरणाच्या भीतीतून येतं असं काही मी म्हणत नाही. लोकांना खरे राग असतात, खरे अन्याय झालेले असतात, पैशाचे आणि जमिनीचे हिशेब असतात, आणि कधीकधी समोरचा खरोखरच जीव घ्यायला आलेला असतो, त्याला थिअरी सांगत बसायचं नसतं. पण एखाद्याचा आवेश त्याच्या नुकसानीच्या मानाने फारच मोठा दिसला, ज्यांच्याशी आयुष्यात कधी संबंध आला नाही त्यांच्याबद्दल माणूस थरथरून बोलायला लागला, की मी हल्ली मुद्द्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाही. पुरावे दिले की काका दुप्पट पुरावे काढतात, त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे.

मागे गेलो तेव्हा पक्षाचा विषय निघायच्या आतच विचारलं, काका, भीती वाटते का हो? आधी म्हणाले, कसली? मी म्हटलं, कसली म्हणजे काय, तुम्हाला माहितीय कसली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एकदम लॉकरची किल्ली कुठे आहे, कुठल्या फाइलमध्ये काय आहे, काकूला ऑनलाइन पैसे भरायला कोणीतरी शिकवा रे, असं सुरू झालं. मग ऑपरेशनच्या टेबलावरचा गारठा. मग त्यांचे वडील कसे गेले, जे मी कधीच ऐकलं नव्हतं, ते सविस्तर. तासभर बोलत होते आणि त्या तासात देश, शत्रू, नेता, काहीही आलं नाही.

मग त्यांचं घड्याळाकडे लक्ष गेलं. ‘अरे नऊ वाजले की,’ म्हणाले, आणि फोन डबीला टेकवून तोच चॅनल लावला. मात्र भाच्याचा तो मित्र परवाच्या वाढदिवसाला येऊन गेला असं काकू म्हणाली, काका त्याच्याशी फार काही बोलले नाहीत, क्रिकेटबद्दल थोडं बोलले म्हणे. ग्रुपवर पहाटेचे फॉरवर्ड चालू आहेत.